स्प्रिंग ब्रेकला बॉर्डर ट्रिप (तुसॉन-नोगालेस): जावं की नको?

रानजाई

नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय, विभाग चुकला असेल तर हलवा प्लीज.

मी अमेरिकेत पब्लिक हेल्थमधे पीएचडी करतेय, सहावं वर्ष, विषय उष्णतेमुळे होणारे आजार आणि मृत्यू. आमच्या डिपार्टमेंटची दर स्प्रिंग ब्रेकला एक ट्रिप असते, बारा अंडरग्रॅड मुलं, दोन प्राध्यापक आणि एक टीए (शिकवायला मदत करणारा विद्यार्थी), इमिग्रेशन म्हणजे काय ते सीमेवर जाऊन समजून घ्यायचं अशी कल्पना. अॅरिझोनातल्या तुसॉनला मुक्काम, एक दिवस वाळवंटात तिथून चालत येणाऱ्यांसाठी पाण्याची पिंपं भरणाऱ्यांबरोबर, एक दिवस कोर्टात, आणि एक दिवस नोगालेसची सीमा ओलांडून पलीकडे मेक्सिकोत, जिथे डिपोर्ट झालेल्यांना जेवण देतात तिथे मदत करायची. यावर्षी टीए म्हणून मला विचारलंय आणि मला मनापासून जायचंय.

अडचणी तीन. एक म्हणजे माझा एफ-१ (विद्यार्थी) व्हिसाचा स्टॅम्प ऑगस्टमधे संपलाय, आय-२० (कॉलेजकडून मिळणारा व्हिसाचा कागद) वाढवून घेतलाय, त्यामुळे स्टेटस नीट आहे पण सीमेजवळ जायचं म्हटलं की पोटात गोळा येतो. दोन, आईबाबा. गेल्या वर्षी बेड्या घातलेली आपली माणसं विमानातून उतरताना त्यांनी टीव्हीवर बघितली तेव्हापासून बॉर्डर हा शब्द काढला तरी बाबा काही न बोलता फोन आईकडे देतात. आणि तिसरी नीट सांगता येत नाहीये. एखाद्याच्या घरात वाईट घडलंय आणि आपण वही पेन घेऊन त्याच्या दारात उभं राहायचं, असं काहीसं वाटतंय. शिकायला जाणं आणि बघायला जाणं यात फरक कसा करायचा?

कोणी अशा ट्रिपला गेलंय का?

पाऊलवाट

मी गेलोय, २०१६ मधे, एल पासोला, तेव्हा मीही विद्यार्थीच होतो. तिसऱ्या अडचणीपासून सुरू करतो कारण खरी तीच आहे.

पहिल्या दिवशी आम्हाला चामिझालला नेलं. रिओ ग्रांदेने १८६० च्या सुमारास पात्र बदललं आणि मेक्सिकोची जमीन नदीच्या अमेरिकन बाजूला आली, त्यावरून दोन देश शंभर वर्षं भांडत होते, शेवटी १९६३ मधे केनेडींच्या काळात करार झाला, जमीन परत दिली, नदी सिमेंटच्या पात्रात बांधून टाकली आणि त्या पट्ट्यातल्या पाच हजारांहून जास्त लोकांना घरं सोडावी लागली. तोपर्यंत सीमा म्हणजे कायमची आखलेली रेघ असं माझ्या डोक्यात होतं. तुम्ही जाताय ते नोगालेस तर १८५३ च्या गॅड्सडेन खरेदीत, म्हणजे मेक्सिकोकडून विकत घेतलेल्या जमिनीत, अमेरिकेकडे आलं, आणि बॉर्डर पट्रोल हे खातंच १९२४ चं. हे सगळं आधी वाचून जा, मुलांनाही वाचायला लाव, नाहीतर तिथली भिंत डोंगरासारखी आपोआप उगवलेली वाटते.

मग तीन दिवस सीमा ओलांडून आलेल्यांच्या एका निवाऱ्यात काम. मला वाटत होतं लोकांच्या कहाण्या ऐकायला मिळतील. पहिल्याच सकाळी तिथल्या बाईंनी सांगितलं, कोणालाही तू का आलास असं विचारायचं नाही, तो प्रश्न त्यांना आधीच चार ठिकाणी विचारून झालाय आणि त्याच्या उत्तरावर त्यांचं सगळं आयुष्य टांगलंय, तुम्ही आणखी एकदा विचारू नका. आणि मला चादरी धुवायला लावलं. तीन दिवस मी चादरी धुतल्या, वाळवल्या, घड्या केल्या, आणि त्या खोलीत बसून जे दिसलं ते कुठल्याही लेक्चरमधे मिळालं नसतं. बायका पायातलं पाळत ठेवणारं इलेक्ट्रॉनिक कडं चार्ज करायला भिंतीच्या प्लगशी बसलेल्या असायच्या, पाय हलवता यायचा नाही म्हणून मूल दुसऱ्याच कोणाच्या मांडीवर. बसने निघणाऱ्यांना एक कागद द्यायचे, त्यावर इंग्रजीत लिहिलेलं की मला इंग्रजी येत नाही, मला या या गावाला जायचंय, कृपया मदत करा.

आणि बूट. कोठडीत बुटाच्या नाड्या काढून घेतात, त्यामुळे येणाऱ्या प्रत्येकाचे बूट चालताना फटाफट वाजायचे. निवाऱ्यात नव्या नाड्यांचं एक खोकं होतं. आठ नऊ वर्षांचा एक मुलगा वडिलांच्या बुटात नाडी ओवत बसला होता, एक बाजू लांब एक आखूड व्हायची की सगळी काढून परत ओवायचा. मी काहीच विचारलं नाही, त्यानेच मला दुसऱ्या बुटासाठी तसलीच हिरवी नाडी शोधायला लावली. आज इतक्या वर्षांनी त्या ट्रिपमधलं सगळ्यात स्पष्ट तेच आठवतं.

तेव्हा तुझ्या प्रश्नाला माझं उत्तर, हाताला काम असू दे. फोटो काढू नका, मुलांचे तर अजिबातच नको.

शमी

कागदांचं मी सांगते. एका कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसात दहा वर्षं काढलीत, वकील नाही, त्यामुळे तुझ्या ऑफिसला लेखी विचारून घेच.

व्हिसाचा स्टॅम्प फक्त देशात शिरण्यासाठी असतो. तो संपला तरी आय-२० आणि आय-९४ (देशात शिरल्याची नोंद) नीट असतील तर तू देशात कायदेशीर आहेस आणि तुसॉनला जायला काही हरकत नाही. आता कोणीतरी तुला ऑटोमॅटिक रिव्हॅलिडेशन सांगेल, म्हणजे ३० दिवसांच्या आत मेक्सिको किंवा कॅनडाहून परत येताना संपलेला स्टॅम्प चालतो, आय-९४ चालू हवा, आय-२० वर सही हवी. नियम खरा आहे. पण तो अमेरिकेत परत येण्याचा, मेक्सिकोत शिरण्याचा नाही. आपला पासपोर्ट आणि चालू अमेरिकन व्हिसा असेल तर मेक्सिको वेगळा व्हिसा मागत नाही, तुझा स्टॅम्प संपलाय म्हणजे तुला मेक्सिकोचा व्हिसा काढावा लागेल. आणि तिकडे गेल्यावर अमेरिकन व्हिसाचा नवा अर्ज टाकलास तर ही सवलतच जाते. गेल्या वर्षीपासून सगळीकडे तपासणी कडक झालीये, तुझी पीएचडी संपत आलीये, एका दिवसासाठी ती पणाला लावू नकोस. पलीकडे जाऊ नकोस, बाकी सगळी ट्रिप कर. प्राध्यापकांना आत्ताच सांगून टाक म्हणजे त्या दिवशी मुलांबरोबर दुसरं कोणी जाईल.

आता जे बहुतेकांना माहीत नसतं ते. सीमा नाही ओलांडलीस तरी नोगालेसहून तुसॉनला परत येताना आय-१९ वर टुबाकजवळ बॉर्डर पट्रोलचं चेकपॉइंट लागतं. गाडी थांबवून सिटिझन का असं विचारतात, १९७६ मधे सुप्रीम कोर्टाने अशी चेकपॉइंट्स वैध ठरवलीत. व्हॅनमधली मुलं भराभर येस येस म्हणतील आणि तुझ्या तोंडून चुकून येस गेलं तर ते फार महागात पडतं, सिटिझन असल्याचा खोटा दावा हे कायमचं दार बंद करणारं कारण आहे. एकच वाक्य पाठ कर, मी एफ-१ विद्यार्थिनी आहे, हे माझे कागद. मूळ पासपोर्ट, आय-२०, आय-९४ ची प्रिंट हातातल्या बॅगेत ठेव, डिकीत नको. अठरा वर्षांवरच्या नॉन-सिटिझनने नोंदणीचा कागद जवळ बाळगायचा असा कायदा तसाही आहेच.

गोदाकाठ

माझं मत वेगळं आहे, राग मानू नये.

मी २०११ पासून इथे आहे. एच-१बी, मग ग्रीन कार्डचा अर्ज, मग वाट. बाबा गेले तेव्हा स्टॅम्पिंगला अडकलो तर नोकरी जाईल, मुलीची शाळा सुटेल म्हणून मी गेलो नाही, भावाने सगळं केलं आणि मी व्हिडिओवर बघितलं. हे मी नियम पाळून सोसलंय. त्यामुळे वाळवंटातून चालत येणाऱ्यांबद्दल सहानुभूती ठेवा असं कोणी शिकवायला लागलं की आत काहीतरी दुखतं. आम्ही रांगेत उभे राहिलो, त्यांनीही राहावं.

आणि अशा ट्रिपमधे एकच बाजू दाखवतात. रानजाई, जाणार असशील तर बॉर्डर पट्रोलच्या लोकांशीही बोलायला मिळेल का ते बघ. त्यांच्यातले जवळपास निम्मे स्वतः लॅटिनो आहेत, बऱ्याच जणांची आजी आजोबा पलीकडूनच आलेली. वाळवंटात तडफडणाऱ्याला उचलून हॉस्पिटलला नेणारेही तेच असतात. सीमेलगतच्या रँचवाल्यांनाही भेटा, ज्यांच्या जमिनीतून टोळ्या माणसं नेतात. तेही ऐकल्याशिवाय शिकणं अर्धंच.

उत्तररात्र

गोदाकाठ, तुमच्या वडिलांचं वाचून फार वाईट वाटलं. आणि बॉर्डर पट्रोल, रँचवाले दोघांना भेटावं हे अगदी पटलं, चांगल्या ट्रिपमधे ते असतंच, नसेल तर मागून घ्यावं.

पण रांगेबद्दल थोडं लिहितो, कारण मी इमिग्रेशन वकिलांकडे कागदपत्रांचं काम करतो आणि हा प्रश्न रोज समोर येतो. तुमच्यासाठी रांग आहे, अतिशय अन्यायकारक आहे, ग्रीन कार्डांत एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा आहे म्हणून भारतीयांना आयुष्य काढावं लागतं, पण रांग आहे. शेतात टोमॅटो तोडणाऱ्या किंवा हॉटेलात भांडी घासणाऱ्या माणसासाठी कायमच्या व्हिसाची जी कॅटेगरी आहे तिला कायद्यानेच सगळ्या जगासाठी मिळून वर्षाला १०,००० ची मर्यादा आहे. मेक्सिकन माणसाचा सख्खा भाऊ अमेरिकन नागरिक असला तरी त्याला वीस वर्षांहून जास्त थांबावं लागतं. पूर्वी ब्रासेरो योजना होती, १९४२ ते १९६४, लाखो शेतमजूर करारावर यायचे आणि परत जायचे. ती बंद झाली, शेतांना माणसं लागायची थांबली नाहीत.

आणि वाळवंटातूनच का येतात तेही मुलांना कळायला हवं. १९९३ मधे एल पासोला आणि १९९४ मधे सॅन दिएगोला शहरांतून होणारी ये-जा रोखली, वाळवंट एवढं कठीण आहे की उरलेले आपणच येणार नाहीत असा हिशोब होता. लोक यायचे थांबले नाहीत, वाट बदलली. ती वाट अॅरिझोनाच्या सोनोरन वाळवंटातून गेली. १९९६ च्या कायद्याने आणखी एक झालं, वर्षाहून जास्त बेकायदा राहिलेला माणूस देश सोडून गेला की दहा वर्षं परत येता येत नाही. पूर्वी हंगाम संपला की गावी जाणारी माणसं त्यामुळे इथेच अडकून राहायला लागली.

आपल्या लोकांना हे लांबचं वाटतं पण ते लांबचं नाही. जून २०१९ मधे त्याच अॅरिझोनात लूकव्हिलजवळ भारतातून आलेली सहा वर्षांची मुलगी उन्हाने गेली, आई पाणी शोधायला गेली होती. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमृतसरला उतरलेल्या पहिल्या लष्करी विमानात १०४ जण होते, त्यात महाराष्ट्रातलेही तीन.

रानजाई, कोर्टाचं दोन ओळीत. इमिग्रेशन कोर्ट हे न्यायपालिकेचा भाग नाही, जस्टिस डिपार्टमेंटखाली येतं, आणि तिथे सरकार वकील देत नाही, लहान मुलालाही नाही. असायलमची, म्हणजे आश्रय मागणाऱ्याची, सुनावणी बंद दाराआड असते, त्या माणसाने परवानगी दिली तरच बसता येतं, पण सुरुवातीच्या तारखांना बसायला मिळतं. याउलट फेडरल कोर्टात बेकायदा प्रवेशाचा गुन्हा चालतो तिथे वकील मिळतो. तुसॉनच्या त्या कोर्टात २००८ पासून ऑपरेशन स्ट्रीमलाइनमधे एका दुपारी सत्तर सत्तर लोकांना साखळ्यांत आणून एकत्र गुन्हा कबूल करून घ्यायचे. मी एकदा बघितलंय, प्रत्येकाच्या वाट्याला मिनिटभर पण येत नव्हतं. दोन्ही कोर्टं बघा, फरक मुलांना लगेच कळतो.

एक मात्र लक्षात ठेवा, २० जानेवारी २०२५ च्या घोषणेनंतर सीमेवर असायलम मागणं जवळपास बंदच झालंय, त्यासाठीच्या सरकारी अॅपवर अपॉइंटमेंट घेऊन थांबलेल्यांच्या अपॉइंटमेंट त्या दिवशी रद्द झाल्या. त्यामुळे आता सीमेवर गर्दी दिसणार नाही. रिकामे निवारे दिसतील. गर्दी नाही म्हणजे प्रश्न मिटला असं मुलांना वाटू देऊ नका, ती माणसं कुठे गेली ते विचारायला शिकवा.

गोदाकाठ

उत्तररात्र, शेतमजुरांच्या व्हिसाचं हे मला खरंच माहीत नव्हतं. मत लगेच बदललं असं म्हणणार नाही, पण वाचतोय.

दक्षिणवारा

थोडं अवांतर. या सीमेशी आपलाही जुना संबंध आहे. कॅलिफोर्नियाच्या इंपीरियल व्हॅलीत, अगदी मेक्सिकोला लागून, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पंजाबी शेतकरी आले, १९१७ च्या कायद्याने भारतासह बहुतेक आशियातून येणंच बंद झालं, बायकांना आणता येईना, गोऱ्या बाईशी लग्न कायद्याने मना, म्हणून कितीतरी जणांनी मेक्सिकन बायकांशी संसार केले. आणि आपले वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे, गदरवाले. अमेरिकेत शेतीशास्त्र शिकले, पुढे १९२० च्या दशकात मेक्सिकोत आश्रय मिळाला तर तिथल्या चापिंगोच्या कृषी महाविद्यालयात शिकवलं, मक्यावर संशोधन केलं, दिएगो रिव्हेराने त्यांना भित्तिचित्रात काढलं. आईबाबांना खानखोज्यांबद्दल सांग रानजाई, देश सोडायला लागलेल्या माणसाला त्या देशाने कसं जवळ केलं ते. त्यांच्या मनातलं चित्र जरा बदलेल.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं, जातेय, पलीकडे जाणार नाही. प्राध्यापकांना सांगितलं, त्यांनी एका क्षणात मान्य केलं, मी उगाच दोन आठवडे घाबरत होते. बॉर्डर पट्रोलच्या एका अधिकाऱ्याबरोबर तासभर ठेवता येतंय असंही ते म्हणाले, गोदाकाठ दादा, तुमच्यामुळे. पाऊलवाट, मी नाड्यांची शंभर पाकिटं मागवलीत.

रानजाई

परत आले, तीन आठवडे झाले, आज लिहायला जमतंय.

वाळवंटापासून सांगते कारण तो माझा विषय. निळ्या पिंपांशेजारी तीस फुटी काठीवर निळा झेंडा असतो, लांबून दिसावा म्हणून. मार्चमधे हवा चांगली होती तरी दोन तासांत माझी लिटरभराची बाटली संपली. मग तिथेच बसून मुलांकडून हिशोब करून घेतला, जूनच्या उन्हात चालणाऱ्याला दिवसाला आठ ते दहा लिटर पाणी लागतं, चार पाच दिवसांची चाल असेल तर बत्तीस ते पन्नास किलो फक्त पाणी झालं, ते कोणी उचलूच शकत नाही. म्हणजे निघतानाच पाणी कमी पडणार हे ठरलेलं असतं. मी सहा वर्षं हीट स्ट्रोकचे आकडे मोडेलमधे घालतेय, पण हा गुणाकार मी कधी केला नव्हता. दक्षिण अॅरिझोनात अशा सापडलेल्या मृतदेहांची नोंद चार हजारांच्या वर गेलीये, कितीतरींची ओळख पटलेली नाही. तुसॉनमधला एक कलाकार जिथे देह सापडला तिथे जाऊन रंगीत क्रॉस रोवतो. आम्ही एकापाशी थांबलो. रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज तिथे ऐकू येत होता. इतक्या जवळ.

बॉर्डर पट्रोलचा अधिकारी स्वतः नोगालेसचाच. त्याने एकदा एका माणसाला पाठीवर घेऊन रस्त्यापर्यंत आणलं तो वाचला नाही, हे सांगताना थांबला आणि मग विषय बदलला. त्याच्याशी सगळं पटलं असं नाही, मुलांनी साखळ्यांबद्दल थेट विचारलं तेव्हा उत्तर नियमांचंच होतं. पण भेटलो हे बरं झालं.

नोगालेसला बाकीचे पलीकडे गेले आणि मी अलीकडे भिंतीशी थांबले. पोलादी खांब, मधे चार बोटांची फट, फटीतून पलीकडच्या घराचं दार, वाळत घातलेले कपडे. साडेतीन तास होते. परत येणाऱ्यांच्या रांगेत शाळेचा गणवेश घातलेली मुलं, भाजीच्या पिशव्या घेतलेल्या म्हाताऱ्या बायका, रोजचं येणं जाणं असल्यासारखी. माझ्याकडे पाच वर्षांचा संपलेला स्टॅम्प आणि चालू आय-२० होता म्हणून मी बाकावर, आमची एकोणीस वर्षांची मुलं पासपोर्ट दाखवून गेली आणि आली. मला वाईट वाटलं नाही, पण तिसऱ्या अडचणीचं उत्तर मला तिथे थोडं मिळालं. मी दारात उभी राहून दुसऱ्याचं घर बघत नव्हते, त्याच घराची एक खोली माझीही होती, बरीच बऱ्या स्थितीतली.

परतताना आय-१९ वर, ज्याच्या पाट्यांवर अंतर किलोमीटरमधे असतं म्हणून मला उगाच घरी आल्यासारखं वाटत होतं, ते चेकपॉइंट लागलं. शमीताई, अगदी तुम्ही म्हणालात तसंच, सगळे येस येस. मी वाक्य म्हटलं, कागद दिले. चार मिनिटं लागली असतील. व्हॅनमधे एकदम शांत झालं. नंतर मागच्या सीटवरच्या मुलीने विचारलं, तू हे सगळं रोज बरोबर ठेवतेस? सहा दिवसांतला तो पहिला प्रश्न होता जो कोणी मला विचारला, आणि मग हॉटेलपर्यंत आम्ही तेच बोलत होतो.

बाबांना सगळं फोनवर सांगितलं, पाण्याचा हिशोब त्यांनी स्वतः परत करून बघितला, फोन आईकडे दिला नाही.

आणि पाऊलवाट, नाड्या मुलांनी पलीकडे पोचवल्या, डिपोर्ट झालेली माणसं तिथेही तशीच उघड्या बुटांनी येतात. जेवण वाढणाऱ्या बाईंनी निरोप पाठवलाय, पुढच्या वेळी जरा लांब आणा, बहुतेकांचे घोट्यापर्यंतचे कामाचे बूट असतात, या पुरत नाहीत.